हक्काचं माणूस

"शेजारी म्हणजे अडीनडीला धावून येणारं हक्काचं माणूस," बाई रंगात येऊन सांगत होत्या. दुसरीच्या पुस्तकातला 'आपले शेजारी' हा त्यांचा हातखंडा धडा. "बाहेर जाताना आपण शेजाऱ्यांकडे काय ठेवतो?"

"किल्ली!" अख्खा वर्ग ओरडला.

पहिल्या बाकावरच्या चिमुरडीचा हात मघापासून वर होता. बाईंना तो काही केल्या दिसत नव्हता. शेवटी ती आपणहूनच उभी राहिली.

"माझी आई नाही ठेवत. समोरच्यांशी आमचं बोलणं नाही. आई कामावरून येईपर्यंत मी जिन्यातच बसते."

"असले कसले शेजारी! कोण राहतं गं समोर?" मागून कुणीतरी विचारलं.

चिमुरडीने फळ्याकडे बोट केलं.

"आपल्या बाई."