वेदीवरचा पुठ्ठा

"बिशपांचा अधिकार मान्य आहे, एवढंच लिहिलंय. सही करा, चर्चचं दार उघडतो," असं म्हणत बिशपांनी कागद वेदीवर ठेवला.

वेदी म्हणजे केळीच्या शेडमधलं जुनं टेबल. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, जुन्या लॅटिन पद्धतीने करणं सोडायला नकार दिला म्हणून आधीच्या बिशपांनी हाकललेली चाळीस घरं अकरा वर्षं इथेच गुडघे टेकत होती. इनास त्यांचा म्होरक्या.

"कागद उचला," तो म्हणाला. "इथे नुसत्या पवित्र वस्तू ठेवतो आम्ही."

"वेगळी चूल मांडायची आणि वर हा माज," बिशपांचा आवाज चढला. "म्हणजे मला बिशप मानतच नाही तुम्ही."

इनासने वेदीवरचा, मिस्सेच्या प्रार्थना छापलेला पुठ्ठा उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला. लॅटिन ओळींच्या मधोमध, बिशपांसाठी प्रार्थना करायची त्या जागी, पेन्सिलीने त्यांचंच नाव लिहिलेलं होतं. त्याखाली आधीच्या बिशपांचं खोडलेलं नाव अजून पुसट दिसत होतं.

"तुम्ही आलात त्याच रविवारी लिहिलं. एकदाही चुकवलं नाही. तुमच्या मिस्सेत आमची नावं कधी घेतलीत?"

बिशपांनी कागद उलटा केला, पेन उघडलं. "सांगा नावं. रविवारी घेतो."

इनासने त्यांना खुर्ची दिली नाही.

"आधी माझी बायको लिहा, कार्मेलिन," तो म्हणाला. "तिला दफनभूमीत जागा नाकारली, त्या पत्रावर तुमचीच सही आहे."