सगळ्यांचे हात

"तात्यांना करवतीवरून काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," फोरमनबाई म्हणाल्या आणि लगेच खाली बघायला लागल्या.

सुतारखान्यात एकाचाही हात हलेना. तात्यांच्या तोंडावर हात वर करायचा म्हणजे काय खायचं काम आहे! तीस वर्षं मोठी करवत त्यांच्याकडे. पण हल्ली हात थरथरायचा, आणि मागच्या आठवड्यात फळी सटकली तेव्हा अंगठा थोडक्यात वाचला. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. करवत सुटली की घरीच बसायचं.

कारखाना कामगारांनीच मिळून काढलेला. आधी निवडून दिलेले तिघे दार लावून ठरवायचे आणि भिंतीवर कागद चिकटवायचे. गेल्या वर्षी तात्यांनीच भांडून भांडून ते बंद पाडलं. आपलं आपण ठरवू म्हणाले, आपल्याला काय अक्कल नाही?

तर आता ठरवा म्हणावं.

पहिला हात रंधेवाल्याचा, रोज तात्यांच्या डब्यात हक्काने हात घालणाऱ्याचा. रडतच वर केला बिचाऱ्याने. मग एकेक करून बाकीचे. तात्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बघत होते पॉलिशच्या टेबलाकडे. तिथे त्यांची बायको उभी होती, आणि तिलाही एक मत होतं. तिने हात चिंधीला पुसला. पुन्हा पुसला. मग वर केला.

सुटल्यावर दोघं बाहेर ओंडक्यावर टेकली. आपलं चुकलं असं ती म्हणाली नाही. तुमचा अंगठा मला हवाय, एवढंच म्हणाली. तात्यांनी मान हलवली. पटलं होतं, तेच तर दुखत होतं.

"आधी बरं होतं," ते म्हणाले. "घरी जाऊन त्या तिघांना मनसोक्त शिव्या तरी घालता यायच्या. आता कुणाला घालू?"

"मला घाला."

तात्यांनी तोंड उघडलं. एरवी शिव्यांच्या बाबतीत गडी कुणाला हार जायचा नाही. आज एक आठवेना.

ती बराच वेळ थांबली होती, ऐकायला.