साखरेची बाटली

गाणं संपलं की डेल्फीनने बाटली उचलायची, ऑर्विलच्या डोक्यात फोडायची आणि झगा सावरत गुत्त्याच्या काउंटरवर चढायचं, एवढंच काम होतं. पण तिचा हात वर जायचा आणि तिथेच अडायचा.

चूक मागच्या आठवड्यातली. सेटवर दोन प्रकारच्या बाटल्या असत, दाखवायच्या काचेच्या आणि फोडायच्या साखरेच्या. दिसायला अगदी जुळ्या बहिणी. कुणीतरी त्यांची अदलाबदल केली आणि सिनेमात गुत्त्यातली गाणारी झालेल्या डेल्फीनने ऑर्विलला खरोखरच आडवा केला. त्याच्या केसांतले टाके अजून ओले होते. पडद्यावर मार खाणं हाच त्याचा धंदा, त्याने सगळं हसण्यावारी नेलं होतं. डेल्फीनला ते जमत नव्हतं.

दिग्दर्शक हॅस्केल कातावला होता. दिव्यांच्या धगीने बाटल्या चिकट व्हायला लागल्या होत्या. आता शेवटचं, तो म्हणाला, नाहीतर ऑर्विलला घरी पाठवून एखादा तरणा गडी उभा करतो. ऑर्विलच्या वयात घरी पाठवलेल्या माणसाला पुन्हा कुणी बोलवत नाही. ते डेल्फीनलाही ठाऊक होतं.

तो तिच्याजवळ सरकला. "बाई, हाणा बिनधास्त. माझ्या डोक्यात लागण्यासारखं काही नाहीच."

"आणि पुन्हा काचेची निघाली तर रे?"

तो परत आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

कॅमेरा सुरू झाला. गाणं झालं, पियानो थांबला. डेल्फीनने बाटली उचलली आणि कुणीही सांगितलं नव्हतं ते केलं. बाटलीचं तोंड तिने जिभेने चाटलं. तेही मोठ्या ठसक्यात, भुवई उडवून, जणू गिऱ्हाइकाचं डोकं फोडण्याआधी चव बघायची इथली रीतच आहे.

मग ऑर्विलकडे बघून ती हळूच म्हणाली, "गोड आहे."

आणि दणकन हाणली.

हॅस्केल तोंडात रुमाल कोंबून हसत होता आणि कॅमेरा थांबवू नका म्हणून हात हलवत होता. ऑर्विल ठरल्याप्रमाणे बेशुद्ध होऊन जमिनीवर पडला होता. मिशीत अडकलेला एक तुकडा विरघळून ओठांवर येत होता. बेशुद्ध माणसाने हसायचं नसतं, म्हणून त्याने जबडा गच्च आवळून धरला.