शेवटचा डबा

गाडीनं शिट्टी दिली तरी कस्तुराबाई फलाटावरच्या बाकावरून उठल्या नाहीत.

बन्सीधर शेवटच्या डब्याच्या दारात पाय खाली सोडून बसले होते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, शेजारी काचेच्या ग्लासात गढूळ झालेलं पाणी. रंग नातवाच्या शाळेतून उरलेले. गंगाखेडच्या अलीकडच्या या छोट्या स्टेशनात पॅसेंजर नेहमीच क्रॉसिंगला थांबते. एक्सप्रेस शेजारून निघून जाईपर्यंत बसा आपलं माशा मारत. बाकीचे लोक रेल्वेला चार शब्द सुनावतात. बन्सीधर मात्र या थांबण्यासाठीच तर गाडीत बसतात.

रिटायर झाल्यापासून त्यांचा हाच उद्योग. सकाळी पूर्णेहून निघायचं, गाडी नेईल तिथवर जायचं, परत यायचं. कुणाकडे काम नाही, कुठल्या देवाचा नवस नाही. नोकरीभर याच मार्गानं फिरले, पण करडईचं फूल आधी पिवळं असतं आणि सुकता सुकता तांबूस होतं, हे त्यांना यंदा कळलं. कळल्यावर दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

नोकरी गार्डाची. आता त्या हुद्द्याला काही तरी साहेबी नाव दिलंय म्हणतात, पण गार्ड तो गार्डच. तो बसतो सगळ्यात मागं. गाव येताना त्याला दिसत नाही, गेल्यावर दिसतं. म्हणून असेल, बन्सीधरांच्या प्रत्येक चित्रात सगळं मागं मागं जात असतं. दोन रूळ निमुळते होत गेलेले, कडेला लिंबाचं झाड, एखादं शेत, लांब राहिलेलं स्टेशन. आणि माणूस म्हणाल तर औषधाला नाही.

कस्तुराबाई भाकरी, ठेचा बांधून सोबत यायच्या. पहिले काही दिवस त्यांनाही मजा वाटली. मग एकदा म्हणाल्या, "अवं, मला तरी काढा की एकदा." बन्सीधरांनी काढून बघितलं. नाक गालावर गेलं. कागद त्यांनी मुकाट्यानं फाडला. "माणूस न्हाई येत माझ्या हाताला," म्हणाले आणि पुन्हा लिंबाच्या झाडाकडे वळले.

आज सकाळी डबा बांधताना कस्तुराबाईंनी सांगून टाकलं होतं, "आज काढलं मला तर ठीक. न्हाईतर उद्यापासून तुमचे तुमी फिरा." रागावल्या असत्या तर बन्सीधरांना एवढं काही वाटलं नसतं. पण त्या शांत होत्या. बन्सीधर तेव्हापासून धास्तावले होते. एकट्यानं फिरण्यात राम नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी गाडी थांबली आणि फलाटापलीकडच्या शेतात करडई फुललेली दिसली. हात आपोआप तिकडेच गेला.

कस्तुराबाईंनी मागून कागदात डोकावून बघितलं.  भाकरीची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन खाली उतरल्या, नळावर बाटली भरली आणि बाकावर जाऊन बसल्या. एक्सप्रेस धडधडत गेली. पॅसेंजरला सिग्नल मिळाला.

"कस्तुरा, चल. सुटायलीय गाडी."

"सुटू द्या. तुमी जावा."

"आन तू?"

"मी बसते हितंच. तुमाला मागं पडलेलंच दिसतंय ना? मग पडते मी मागं. आता तरी काढा."

 शेजारच्या खिडकीतून गार्डानं, मुकुलनं, डोकं बाहेर काढलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. "काका, काकू खालीच राहिल्या. थांबवू का गाडी?"

गाडी हलली होती. बन्सीधरांनी जन्मात कुणासाठी गाडी थांबवली नव्हती. पुठ्ठा काखेत मारून त्यांनी फलाटावर पाय टाकला. चालत्या गाडीतून चढायची-उतरायची सवय पायांनी अजून सोडली नव्हती. चार पावलं गाडीबरोबर धावले आणि थांबले. ग्लास लवंडून कागदावरच्या करडईवर पाणी सांडलं होतं. मुकुल काही तरी ओरडत होता. त्यांनी हात वर करून त्याला सांगितलं, जाऊ दे.

गाडी निघून चालली. आयुष्यात गाड्या हजारो बघितल्या असतील, पण आपली गाडी आपल्याला टाकून जाताना आज पहिल्यांदाच. शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली लहान लहान होत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत बन्सीधर बघत राहिले. 

ते बाकापाशी आले. कस्तुराबाईंनी सरकून जागा केली.

"लय वाईट दिसतंय गं हे," बन्सीधर म्हणाले. "गाडी अशी जाती ते."

"पूर्णेला क्वार्टरच्या ओट्यावरनं मला रोज हेच दिसायचं," कस्तुराबाई म्हणाल्या. सुरात तक्रार नव्हती. त्यांनी फडकं सोडून भाकरी काढली.

बन्सीधरांनी भाकरीला हात लावला नाही. पुठ्ठ्यावर खालचा कोरा कागद वर घेतला. बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं. रंग खिशात होतेच. निमुळते रूळ काढले, रुळांच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा शेवटचा डबा काढला. पुठ्ठा कस्तुराबाईंपुढं धरला.

त्यांनी तो हातात घेऊन बघितला.

"असंच दिसायचं," त्या म्हणाल्या. "पर दारात एक माणूस काढा. नाक-डोळे न्हाई आले तरी चालतंय, एवढ्या लांबनं मला बी दिसायचे न्हाईत. हातात हिरवी झंडी तेवढी द्या. मी वळखते."