उसवलेला पाय

वाप्पूच्या सणाला हेलसिंकीच्या टेकडीवर इंजिनिअरिंगची पोरं आपापल्या शाखेच्या रंगाची डांगरी घालून लोळत होती. ओत्सोच्या निळ्या डांगरीचा एक पाय लाल होता. जोडी जमली, की एकमेकांशी एकेक पाय बदलून शिवायचा, ही रीत. पण साइमीशी मोडून वर्ष झालं, तरी नव्या मैत्रिणीचा, केर्तूचा, हिरवा पाय पिशवीतच! “साइमीला अजून मांडीला चिकटवून फिरतोस?” केर्तू फणकारली. “उसवायला वेळ कुठे मिळाला गं?” म्हणत तो गोंड्याची टोपी डोळ्यांवर ओढून घोरू लागला. तिनं कात्रीनं टाके उसवले आणि तो पाय लाल घोळक्यातल्या साइमीपुढे आपटला. “घे तुझं लक्तर!” साइमीच्या डांगरीचे दोन्ही पाय लाल! “माझा तर तेव्हाच परत मिळाला, बाई.” केर्तू घोळक्यात निळा पाय शोधू लागली, तशी मागच्या एकीनं पाय सतरंजीखाली ओढून घेतले.