मातीबाहेर

परभणीच्या आमच्या कॉलेजात कुणी साहेब कुस्तीची तालीम बघायला आला, की रंगनाथ वस्ताद मातीच्या कडेला खुर्ची टाकायला लावायचे. "एकदा बसला की मातीत येत न्हाई. मंग आपून मोकळे," असं आम्हा पोरांना हळूच म्हणायचे.

चौऱ्याहत्तर साली वस्तादच कॉलेजचे क्रीडा संचालक झाले. आखाडा त्यांच्या पठ्ठ्याकडं, सूर्यभानकडं गेला. बैठका अन् सह्यांत वर्ष सरलं. एका सकाळी वस्ताद लंगोट काखेत मारून आखाड्यावर आले. दारातच बूट काढले.

सूर्यभान लगबगीनं पुढं झाला अन् मला म्हणाला, "बघायलास काय? साहेबांना खुर्ची टाक."

मी टाकली.



वस्ताद बसले.