शेगडीमागचा झरोका

या, असे जवळ सरकून बसा. एका सुताराची आणि एका सुनेची गोष्ट सांगतो. मन निवांत ठेवा, अधूनमधून हुंकार द्या, म्हणजे मलाही कळेल की झोपला नाहीत.

सुतार परसात बसून नव्या वाफघराच्या फळ्यांना रंधा मारत होता. आजी मागच्या पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांची सून पाठमोरी उभी राहून कपडे वाळत घालत होती.

जुनं वाफघर याच जागी होतं. लाकडाची बंदिस्त खोली, आत लोखंडी शेगडी, शेगडीवर दगड. दगड तापले की त्यांवर पाणी मारायचं आणि वाफेत घाम काढत बसायचं. आजींचा मुलगा त्यातच बसल्या जागी पेंगला, तो उठलाच नाही. शेगडीला बाहेरची हवा पुरली नाही, विषारी धूर धुराड्यातून जायचा तो खोलीतच उलटला. शेगडीमागचा हवेचा झरोका लहान पडला, असं सगळे म्हणाले. सुतारही तेच म्हणाला. वाफघर त्यानंच बांधलं होतं.

त्यानंतर त्यानं कुणाच्या घराचं काम अंगावर घेतलं नाही. पाट, स्टुलं, खुर्च्यांचे मोडके पाय, एवढ्यावर त्याचं चाललं होतं. पण आजींचे सांधे धरले ते वाफेवाचून सुटेनात, तेव्हा त्यांनीच त्याला बोलावणं धाडलं.

"आजी, माझ्या हातचं नको," तो दारातच म्हणाला होता.

"मग काय, हात उसने आणणार आहेस? त्याच हातांनी बांध. या वेळी नीट बांध म्हणजे झालं."

आजींनी त्याला केव्हाच माफ केलं होतं. सुनेनं नाही. ती वेळेवर चहा आणून ठेवायची, कप रिकामा झाला की न्यायची. त्याच्या तोंडाकडे मात्र कधी बघायची नाही.

एकदा कप न्यायला आली तेव्हा सुतारानं धीर केला.

"वहिनी, दादा म्हणायचे, झरोक्यातून पायांना गार वारा झोंबतो. म्हणून मी त्यावर आडवी पट्टी मारली. भोक निम्मं केलं. गिऱ्हाइकाचं ऐकावं, पण आगीपुढे कुणाचं ऐकू नये, हे मला कळायला हवं होतं. ती पट्टी अजून माझ्या छातीवर ठोकलेली आहे."

सून कप घेऊन आत गेली.

"बोलेल," आजी म्हणाल्या. "दगडसुद्धा तापायला वेळ घेतात. ही तर माझी सून."

सुतार हसला नाही. अपराध लाकडातल्या गाठीसारखा असतो. रंधा मारून वरून गुळगुळीत करता येतं, गाठ आत तशीच राहते.

खोली उभी राहिली. फळीत फळी बसली, छप्पर चढलं, दार बाहेरच्या बाजूला उघडणारं झालं, त्याला कडी नाही. शेगडीमागे झरोका कापायची वेळ आली तेव्हा सून पहिल्यांदा कामाजवळ येऊन उभी राहिली.

"मोठा ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतो वहिनी. चांगला ऐसपैस ठेवतो."

"आणि बाहेरून जाळी. लोखंडी, पक्की."

"खरंय. उंदीर-घुशींचा नेम नसतो."

सुताराला तेवढ्यानंही हलकं वाटलं. जाळीला त्यानं लांबातले लांब खिळे वापरले.

शेगडी पहिल्यांदा पेटवली तेव्हा आजी टॉवेल घेऊन तयारच होत्या. सुतारानं त्यांना अडवलं.

"आधी मी बसतो. काही व्हायचं असेल तर माझंच होऊ दे."

"म्हणजे वर जाऊन माझ्या मुलाला सांगणार, दुसरंही बिघडवलं म्हणून? बस, बस. पण जिवंत बाहेर ये, मला उशीर होतोय."

तो आत बसला. सून मागच्या बाजूला गेली आणि जाळीसमोर तळहात धरून उभी राहिली. हवा आत खेचली जात होती, तिच्या बोटांमधून सरसर जात होती. तो बाहेर येईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. आजी मनात म्हणाल्या, अजून भरवसा नाही पोरीला याच्यावर.

सुतार लालबुंद होऊन, निथळत बाहेर आला. आजी आत गेल्या. थोड्याच वेळात आतून कण्हल्याचा आवाज आला, पण तो सुखाचा होता. "अरे सुतारा, गुडघे वळायला लागले रे माझे."

त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि सुनेसमोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, एक शब्द द्या. माफ केलं म्हणा. मनातून नसलं तरी चालेल, नुसतं तोंडानं म्हणा. मला रात्री झोप लागत नाही."

"अगं म्हणून टाक," आजी आतून म्हणाल्या. "मी गेलेल्याची आई असून म्हटलं. तुझंच मन कसं गं एवढं घट्ट?"

सुनेचे ओठ हलले. पदराचं टोक तिनं मुठीत आवळलं.

"मला नाही म्हणता येणार, सुतारभाऊ."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "माझं पापच तेवढं आहे." पिशवी खांद्याला लावून तो खालमानेनं फाटकाबाहेर पडला. ती फाटकापर्यंत धावली. तिनं हाक मारली, पण ती इतकी हळू की तिची तिलाच ऐकू आली.

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सुताराची आठवण काढाच. पण त्याच्याआधी त्या सुनेची काढा. नवऱ्याच्या पायांना गार वारा लागू नये म्हणून त्या दिवशी झरोक्यात बाहेरून फडक्याचा बोळा तिनंच कोंबला होता, आणि माणसं धावून यायच्या आत तिनंच तो ओढून काढला होता.